पानिपतच्या मोहिमेची कालरेषा वर्गात कशी करून घ्यावी

शालेय इतिहासात पानिपतची तिसरी लढाई बहुधा एका तारखेत आटोपते. १४ जानेवारी १७६१ हा दिवस विद्यार्थ्यांना पाठ असतो, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव आणि अहमदशाह अब्दाली ही नावेही ठाऊक असतात. परंतु भाऊ दक्षिणेतून निघाल्यापासून त्या दिवसापर्यंत किती काळ गेला, असे विचारले तर वर्गात हमखास 'एक-दोन महिने' असे उत्तर येते. वस्तुतः परतूरहून निघण्याचा दिवस १४ मार्च १७६० धरला, तर लढाईच्या दिवसापर्यंत ३०६ दिवस होतात. फौजेला नदी उतरू देईना तो पावसाळा, दिल्लीतला मुक्काम, पानिपतावरची नाकेबंदी आणि उपासमार हे सारे या ३०६ दिवसांत येते, आणि मोहिमेचा निकाल तसा का लागला याचे उत्तरही बव्हंशी तिथेच आहे. म्हणून कालरेषा करून घेताना शिक्षकाने एक गोष्ट मनाशी पक्की ठरवावी: आपल्याला लढायांची यादी नको आहे, लढायांच्या मधला काळ डोळ्यांना दिसायला हवा आहे. पुढील पद्धत सातवी ते दहावीच्या वर्गांसाठी आहे आणि तिला चार-पाच तासिका लागतात.

आरंभ आणि शेवट

पहिल्या तासिकेत कागदाला हात लावू नये. मोहीम कुठून सुरू झाली हे वर्गाला ठरवू द्यावे. कोणी परतूरचे प्रस्थान म्हणेल. कोणी ३ फेब्रुवारी १७६० ची उदगीरची लढाई म्हणेल, कारण निजामावरील त्या विजयामुळेच भाऊंचे नाव उत्तरेच्या कामगिरीसाठी पुढे आले. कोणी त्याही मागे जाऊन १० जानेवारी १७६० रोजी यमुनेकाठी बुराडी घाटावर अब्दालीच्या बाजूशी लढताना दत्ताजी शिंदे पडले तिथून सुरुवात करावी असे सुचवेल. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि प्रत्येकाने वेगळी गोष्ट सांगितली जाते. उदगीरपासून सुरुवात केली तर विजयाच्या लाटेवर निघालेली मोहीम दिसते, तर बुराडीपासून सुरुवात केली तर उत्तरेत उभ्या राहिलेल्या संकटाला दक्षिणेने दिलेले उत्तर दिसते. माझा कल बुराडीकडे आहे, कारण एक तर त्यामुळे अब्दालीची बाजू पहिल्या दिवसापासून रेषेवर येते, आणि दुसरे म्हणजे बुराडीची बातमी दक्षिणेत उदगीरनंतर पोहोचली, ही महत्त्वाची गोष्ट पुढे आपोआप नजरेस पडते.

शेवटही लढाईच्या दिवशी करू नये. तो २४ जानेवारी १७६१ ला करावा. त्या दिवशी नानासाहेब पेशवे भेलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशाजवळ, उत्तरेच्या वाटेवर होते आणि मोती, मोहरा व खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत पानिपतची बातमी देणारे सावकारी पत्र त्यांच्या हाती पडले. हे शेवटचे दहा दिवस कालरेषेत का हवेत, ते पुढे येईल.

मोजपट्टी आधी, घटना नंतर

विद्यार्थी कालरेषा काढतात म्हणजे एक आडवी रेघ ओढून तिच्यावर समान अंतराने सात-आठ ठिपके देतात आणि प्रत्येकाखाली तारीख लिहितात. अशा रेषेत भाऊंनी कुंजपुरा घेणे ते अब्दालीने बागपतला यमुना उतरणे हे आठ दिवस आणि पानिपतावरचे अडीच महिने सारख्याच लांबीचे दिसतात, आणि मग रेषा काढून काही साधत नाही. यासाठी प्रमाण आधी ठरवावे. एक दिवस म्हणजे एक सेंटिमीटर हे प्रमाण उत्तम. बुराडी ते भेलसा हे ३८० दिवस होतात, तेव्हा ३ मीटर ८० सेंटिमीटर लांबीची पट्टी लागेल. बाजारात मिळणारा नेहमीचा चार्ट पेपर सुमारे ७१ सेंटिमीटर लांब असतो. असे सहा कागद लांबीने जोडले की काम होते. वर्गात जागा नसेल तर व्हरांड्यात काम करावे. भिंत लहान असल्यास दिवसाला अर्धा सेंटिमीटर घेता येतो, पण त्याहून खाली जाऊ नये, कारण मग डिसेंबरमधल्या चकमकी एकमेकींवर चढतात.

महिन्यांच्या उभ्या रेघा विद्यार्थ्यांनी स्वतः मोजून ओढाव्यात. १७६० हे लीप वर्ष होते. त्या फेब्रुवारीला २९ सेंटिमीटर द्यायचे आहेत. हे आधी सांगू नये. एखादा गट २८ वर थांबतो आणि त्याची पट्टी शेजारच्या गटापेक्षा एक सेंटिमीटरने आखूड भरते. चूक कुठे झाली हे त्यांनीच शोधावे.

आता पट्टीचे चार आडवे पट्टे पाडावेत. सर्वांत वर भाऊंची फौज, त्याखाली अब्दाली व त्याचे मित्र, तिसऱ्यात पेशवे व दक्षिण, आणि चौथ्यात ऋतू, नद्या, चंद्र व रसद. शिक्षकांना हा चौथा पट्टा अनावश्यक वाटण्याचा संभव आहे. पण यमुनेचा पूर बाजूला ठेवून या मोहिमेतला एकही महत्त्वाचा निर्णय समजत नाही, आणि नोव्हेंबरनंतर तर धान्य आणि पैसा हाच मुख्य विषय होऊन बसतो.

नोंदपत्रे

घटना थेट पट्टीवर लिहू देऊ नयेत. प्रत्येक घटनेचे एक लहान पत्र करावे आणि त्यावर काय घडले, कुठे घडले, तारीख मूळ साधनात कशी दिली आहे, तिची इंग्रजी तारीख कोणती, आणि हे सांगणारा माणूस त्या वेळी कुठे होता, एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी ठरतो. लढाईची हकीकत लिहिणारा काशीराज अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या छावणीत होता. म्हणजे तो लढाईचा साक्षी असला तरी विरुद्ध बाजूचा साक्षी आहे, आणि भाऊंच्या गोटात काय बोलणे झाले हे तो ऐकीव सांगणार. नाना फडणीस तरुणपणी स्वतः या फौजेत होते आणि वाचून परत आले. त्यांचे आत्मवृत्त प्रत्यक्षदर्शीचे आहे, परंतु ते प्रसंगी लिहिलेले रोजचे टिपण नव्हे. बखरी नंतरच्या. त्यांतले संवाद विद्यार्थ्यांना फार आवडतात, आणि आवडू द्यावेत. मात्र तारखेसाठी बखरीवर विसंबू नये. तारखेला आधार पत्रांचा घ्यावा. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात या काळातली अस्सल पत्रे आहेत, आणि त्यांतले एखादे छोटे पत्र फळ्यावर लिहून वर्गाकडून वाचून घेतल्यास पुढचा भाग सोपा जातो.

तारखांचे रूपांतर

इथे घाई करू नये. एक पूर्ण तासिका द्यावी. पेशवेकालीन पत्रात एकाच दिवसासाठी दोन-तीन कालगणना एकत्र नांदतात. चांद्रमासाचा दिवस 'छ' या अक्षराने दाखवलेला असतो आणि महिना हिजरी असतो. वर्ष मात्र बहुधा सुहूर सनाचे, अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. सुहूर सन मृगाबरोबर, जूनच्या आरंभी बदलतो. तेव्हा जून ते डिसेंबर या काळासाठी ५९९ आणि जानेवारी ते मे या काळासाठी ६०० मिळवावेत. ११६१ म्हणजे जून १७६० ते मे १७६१, अर्थात आपल्या मोहिमेचा बहुतेक सगळा उत्तरार्ध.

शकाचे गणित विद्यार्थ्यांना ओळखीचे असते, पण तेही अर्धवट. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे ते सांगतात. वर्ष चैत्रात बदलत असल्यामुळे जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात, हे विसरले जाते. आपल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना जानेवारी आहे, त्यामुळे हा नियम तिथेच पडताळून घेता येतो. बुराडीचा दिवस पौष वद्य अष्टमी, शके १६८१. पानिपतचा दिवस पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. सरसकट ७८ मिळवणारा गट बुराडी १७५९ मध्ये नेऊन ठेवतो, आणि ती पट्टीच्या बाहेर पडते.

याच दोन तिथींवरून आणखी एक चांगला प्रश्न विचारता येतो. पौष वद्य अष्टमीपासून पुढच्या पौष शुद्ध अष्टमीपर्यंत, एका वर्षाला पंधरवडा कमी, म्हणजे साडेअकरा चांद्रमास व्हायला हवेत. साडेअकरा चांद्रमासांचे दिवस साधारण ३४० होतात. पट्टीवर मात्र बुराडी ते पानिपत अंतर ३७० सेंटिमीटर भरते. तीस दिवस आले कुठून? घरी पंचांग पाहणारा एखादा विद्यार्थी उत्तर देतो: मध्ये अधिक मास आला. तिथींवरून दिवस मोजू नयेत, आधी रूपांतर करावे आणि मग मोजावे, हा नियम यानंतर वेगळा शिकवावा लागत नाही.

आता संक्रांतीविषयी. पानिपतची लढाई मकर संक्रांतीच्या दिवशी झाली असे सर्वत्र सांगितले जाते, आणि 'संक्रांत कोसळली' या वाक्प्रयोगाशी ते इतके जुळून येते की कोणी शंका घेत नाही. परंतु आपल्या पंचांगातली संक्रांत इंग्रजी तारखेच्या तुलनेत काही दशकांनी एकेक दिवस पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ रोजी झाला आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षे आधी संक्रांत १४ तारखेला असणे शक्य नाही. गणिताने ती १० जानेवारीच्या आसपास येते. आजची तारीख उचलून जुन्या घटनेवर बसवली की काय होते याचे याहून चांगले उदाहरण वर्गासाठी मिळणार नाही. चौथ्या पट्ट्यात संक्रांत तिच्या खऱ्या जागी, लढाईच्या डावीकडे लावून घ्यावी आणि तिच्याविषयी घरी सांगायला सांगावे. दुसऱ्या दिवशी वर्गात चर्चा आपोआप सुरू होते.

ठिपका की पट्टा

सगळ्या घटना एका दिवसात घडत नाहीत, आणि सगळ्यांच्या तारखा सारख्याच नेमक्या नसतात. म्हणून तीन खुणा ठरवून घ्याव्यात: एका दिवसाच्या निश्चित घटनेला भरीव ठिपका, अनेक दिवस चाललेल्या गोष्टीला रंगीत पट्टा, आणि जिथे 'सुमारे' म्हणावे लागते तिथे तुटक रेघ. कुंजपुरा सर झाले तो १७ ऑक्टोबर १७६० ठिपक्याने दाखवावा. फौजेच्या वाटचालीला पट्टा द्यावा: एप्रिलच्या मध्यास हंडियाजवळ नर्मदा, मेअखेरीस ग्वाल्हेर, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात चंबळ. भाऊंच्या फौजेला रसद पोहोचवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले ती घटना डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुटक रेघेने दाखवावी.

दिल्लीचे उदाहरण मुद्दाम द्यावे. दिल्ली केव्हा घेतली, याचे एकच उत्तर नाही, कारण शहर जुलैच्या अखेरच्या दिवसांत हाती आले आणि लाल किल्ला ऑगस्टच्या आरंभी. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या की विद्यार्थी एक पुस्तक चुकीचे ठरवून मोकळे होतात. त्याआधी दोघे एकाच घटनेबद्दल बोलत आहेत का, हे पाहायची सवय त्यांना लावावी.

उभे वाचन

पट्टी भरली की ती डावीकडून उजवीकडे वाचण्याचा मोह होतो. खरे शिक्षण ती उभी वाचण्यात आहे. शिक्षकाने मीटरपट्टी घेऊन ती एखाद्या तारखेवर उभी धरावी आणि चारही पट्ट्यांत त्या दिवशी काय आहे ते मोठ्याने वाचून घ्यावे.

पहिल्यांदा १७ ऑक्टोबर घ्यावा. वरच्या पट्ट्यात कुंजपुरा आहे. धान्याचा मोठा साठा हाती आला, अब्दालीच्या बाजूचे अब्दुस्समदखान आणि कुतुबशाह मारले गेले. बुराडीला दत्ताजींचे शिर कापणारा कुतुबशाह तोच, असे सांगितले की विद्यार्थ्यांची नजर आपोआप पट्टीच्या डाव्या टोकाकडे जाते. दुसऱ्या पट्ट्यात अब्दाली यमुनेच्या पूर्व तीरावर आहे. शुजाउद्दौला जुलैपासून त्याच्या बाजूला आहे, पण मध्ये नदी असल्यामुळे कुंजपुऱ्याला मदत पोहोचवता आलेली नाही. तिसऱ्या पट्ट्यात काहीच नाही, कारण ही बातमी दक्षिणेत पोहोचायला अजून बराच अवधी आहे. चौथ्यात पावसाळा सरत आला आहे, पण नदी अजून मोठी आहे, आणि अश्विन शुद्ध अष्टमी असल्यामुळे दसरा दोन दिवसांवर आहे.

आता मीटरपट्टी फक्त आठ सेंटिमीटर उजवीकडे सरकवावी. २५ ऑक्टोबरच्या सुमारास अब्दाली बागपतजवळ यमुना उतरतो आणि भाऊंची फौज व दिल्ली यांच्या मध्ये येतो. वरच्या पट्ट्यात विजयाचा दसरा आहे आणि खालच्या पट्ट्यात परतीचा मार्ग बंद होतो आहे, हे एकाच दृष्टिक्षेपात दिसते. इथे घाईने स्पष्टीकरण देऊ नये. 'अब्दालीला नदी उतरता येणार नाही असे भाऊंना का वाटले असेल?' एवढे विचारून थांबावे. उत्तर चौथ्या पट्ट्यात आहे आणि ते विद्यार्थ्यांना सापडते.

त्यानंतर पुन्हा उजवीकडे. नोव्हेंबरच्या आरंभापासून १४ जानेवारीपर्यंत वरच्या पट्ट्यात स्थळाचे एकच नाव आहे: पानिपत. हे ७४ सेंटिमीटर आहेत, म्हणजे एका चार्ट पेपरच्या लांबीहून थोडे अधिक. या जागेत मोजकेच ठिपके पडतात: २२ नोव्हेंबरची जनकोजी शिंद्यांची चकमक, भाऊंचे सरदार बळवंतराव मेहेंदळे पडले ती ७ डिसेंबरची अमावास्येच्या सुमाराची अंधारी रात्र, गोविंदपंतांचा मृत्यू. बाकीची जागा मोकळी राहते. ती भरून काढण्यासाठी चित्रे चिकटवू देऊ नयेत. उलट, चौथ्या पट्ट्यात रसदीची रेघ काढायला सांगावी: कुंजपुऱ्याच्या धान्यापासून ती जाड सुरू व्हावी, गोविंदपंत गेल्यावर बारीक व्हावी आणि जानेवारीत संपावी. फौजेबरोबर यात्रेकरू, कुटुंबे आणि बाजारबुणगे यांची प्रचंड संख्या होती, हे इथे सांगण्याजोगे आहे, कारण धान्य त्यांनाही लागत होते.

बातमीची तिरकी रेघ

एखादी घटना घडली तो दिवस आणि ती दुसऱ्या ठिकाणी कळली तो दिवस, या दोन ठिपक्यांना जोडणारी तिरकी रेघ लाल शाईने काढावी. पानिपतची रेघ वरच्या पट्ट्यातल्या १४ जानेवारीपासून तिसऱ्या पट्ट्यातल्या २४ जानेवारीपर्यंत येते. बुराडीची रेघ ३ फेब्रुवारीच्या पलीकडे, फेब्रुवारीच्या मध्याकडे जाते, आणि ती उदगीरच्या ठिपक्याला ओलांडून जाताना दिसते. उदगीरला विजय झाला तेव्हा दत्ताजी जाऊन तीन आठवडे उलटले होते आणि ते दक्षिणेत कोणालाही माहीत नव्हते.

या रेघा काढल्याशिवाय 'चूक कोणाची' हा वाद वर्गात सुरू होऊ देऊ नये. तो सुरू होणारच आहे: सूरजमल जाट दिल्ली घेतल्यानंतर निघून का गेला, पेशव्यांनी वेळेवर मदत का पाठवली नाही, भाऊंनी सल्ला का ऐकला नाही. वाद जरूर व्हावा, परंतु प्रत्येक आरोपासाठी एक अट घालावी. ज्याच्यावर आरोप आहे त्याला ती गोष्ट त्या तारखेला कळलेली असणे शक्य होते काय, हे पट्टीवर बोट ठेवून दाखवावे लागेल. या अटीमुळे निम्मे आरोप जागीच गळतात आणि उरलेले अधिक धारदार होतात.

१४ जानेवारीचा दिवस

लढाईच्या दिवसाला मुख्य पट्टीवर एकच सेंटिमीटर मिळतो, आणि विद्यार्थी याबद्दल तक्रार करतात. त्यांच्यासाठी वेगळा कागद द्यावा आणि त्यावर प्रमाण बदलून एका तासाला दहा सेंटिमीटर घ्यावेत. सकाळी भाऊंच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी याच्या तोफा व पलटणी डाव्या बाजूने पुढे सरकतात, दुपारी विश्वासराव गोळी लागून पडतात आणि दिवस मावळण्याआधी फौज फुटते. साधनांत वेळ प्रहरांत किंवा घटकांत येते. प्रहर तीन तासांचा व घटका चोवीस मिनिटांची धरून रूपांतर करावे, पण इथे तुटक रेघच वापरावी, कारण रणांगणावर कोणी वेळ मोजत बसलेले नव्हते.

गुण देताना

सुबक अक्षराला आणि रंगकामाला गुण ठेवू नयेत, नाहीतर सगळा वेळ तिकडे जातो. प्रमाण सर्वत्र सारखे आहे काय, प्रत्येक नोंदपत्रावर सांगणाऱ्याचे स्थान लिहिले आहे काय आणि निश्चित व अंदाजे तारखा वेगळ्या दाखवल्या आहेत काय, हे तपासावे. मग प्रत्येक गटाला आधी न दिलेली एक घटना द्यावी. उदाहरणार्थ, १० ऑक्टोबर १७६० रोजी भाऊंनी दिल्लीच्या तख्तावरून तिसऱ्या शाहजहानला दूर करून शाहआलमच्या नावाने द्वाही फिरवली, ही नोंद घ्यावी. ती कोणत्या पट्ट्यात लावायची, तिच्या डावी-उजवीकडे काय आहे, आणि त्यानंतर आठवडाभरातच फौज कुंजपुऱ्याला का दिसते, याचे उत्तर गटाने पट्टीसमोर उभे राहून पाच मिनिटांत द्यावे. अर्धे गुण या पाच मिनिटांना ठेवावेत.